डेटा सेटलमेंटचा क्लेम तर भरला. आता पैसे पदरात कसे पाडून घ्यायचे?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत एकच प्रश्न फिरत होता. "फेसबुक सेटलमेंटचे तीसेक डॉलर येणार असा मेल आलाय, खरा आहे का?" ज्यांनी कुणाला तरी विचारलं, त्यांना ते पैसे मिळाले. ज्यांनी फसवणूक समजून मेल उडवला, त्यांच्यातल्या काहींना आपण दोन वर्षांपूर्वी स्वतःच क्लेम भरला होता, हेही आठवत नव्हतं.

त्यांचा दोष नाही. प्रकरणाचा प्रवासच तसा आहे. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीच्या हाती फेसबुकवरच्या कोट्यवधी लोकांची माहिती पडल्याचं मार्च २०१८ मध्ये उघड झालं. खटले उभे राहिले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात एकत्र झाले. डिसेंबर २०२२ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने ७२.५ कोटी डॉलरची तडजोड, म्हणजेच सेटलमेंट, मान्य केली. क्लेम, म्हणजे त्या पैशांवरचा दावा, भरायची मुदत २५ ऑगस्ट २०२३ ला संपली. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अंतिम मंजुरी दिली, मग अपिलं झाली, आणि पैसे सुटायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. माणसाला सरासरी तीस डॉलरच्या आसपास मिळाले. क्लेम भरणं आणि पैसे येणं यांत दोन वर्षांचं अंतर होतं. त्या काळात लोकांनी घरं बदलली, नोकऱ्या बदलल्या, विद्यापीठांचे मेल बंद पडले, काही जण पुण्याला परतलेही.

इथेच घोडं पेंड खातं. क्लेम कसा भरायचा हे सांगणारे खूप भेटतात. भरल्यानंतर पैसे हातात पडेपर्यंत काय सांभाळायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या ओळखीत क्लेम फेटाळला गेल्यामुळे पैसे गेलेले लोक मोजके आहेत. जुन्या पत्त्यामुळे, मेलेल्या मेलमुळे किंवा ड्रॉवरमध्ये राहिलेल्या चेकमुळे पैसे गेलेले पुष्कळ आहेत. म्हणून या लेखात भर त्या नंतरच्या टप्प्यावर आहे. सुरुवातीच्या पायऱ्याही घेतल्या आहेत, कारण पुढचा गोंधळ बहुतेक वेळा तिथेच पेरला जातो.

हा पैसा नेमका कसला?

क्लास अ‍ॅक्शनमध्ये चार-दोन जण लाखो लोकांच्या वतीने दावा लावतात. अमेरिकी संघीय दिवाणी नियमांतला नियम २३ याची चौकट ठरवतो. कंपनी बहुतेक वेळा चूक मान्य न करता ठरावीक रकमेवर तडजोड करते. ती रक्कम एका निधीत जमा होते. त्यातून वकिलांची फी, वाटपाचा खर्च आणि दावा लावणाऱ्यांचं मानधन वजा होतं आणि उरलेलं क्लेम भरणाऱ्यांत वाटलं जातं. फेसबुकच्या प्रकरणात वकिलांना निधीचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे १८ कोटी डॉलर मिळाले. वाटपाचं काम कंपनी स्वतः करत नाही. न्यायालयाने नेमलेला सेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करतो. अँजिऑन, क्रोल, एपिक, जेएनडी ही त्यांतली नेहमीची नावं. ती लक्षात ठेवा, कारण पैशांचा मेल मेटाच्या किंवा टी-मोबाइलसारख्या मोबाइल कंपनीच्या नावाने न येता यांच्या नावाने येऊ शकतो.

पहिली पायरी: आपण त्या गटात बसतो का?

प्रत्येक सेटलमेंटची एक व्याख्या असते आणि ती शब्दशः वाचायची असते. फेसबुकच्या प्रकरणात २४ मे २००७ ते २२ डिसेंबर २०२२ या काळात अमेरिकेत असताना फेसबुक वापरणारे सगळे पात्र होते. नंतर खातं बंद केलं असलं तरीही. नागरिकत्वाची अट त्यात नव्हती.

हे मुद्दाम सांगतोय, कारण एफ-१ वर शिकणारी मुलं आणि एच-१बी वर काम करणारी मंडळी "आपल्याला कसं चालेल" म्हणून आधीच बाजूला होतात. व्हिसा कुठला, ग्रीन कार्ड आहे की नाही, याचा इथे सहसा संबंध येत नाही. त्या काळात तुम्ही तिथे राहत होता का, ती सेवा वापरत होता का, तुमची माहिती फुटली का, एवढंच पाहिलं जातं. उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. सातारा किंवा पणजीत बसून त्याच वर्षांत तेच फेसबुक वापरणाऱ्याला या निधीतून काही नाही.

राज्यही महत्त्वाचं असतं. इलिनॉयमध्ये २००८ पासून बायोमेट्रिक माहितीचा वेगळा कायदा आहे. चेहऱ्याची किंवा बोटाची ओळख लेखी परवानगीशिवाय घेतली, तर निष्काळजीपणासाठी १,००० आणि जाणूनबुजून केल्यास ५,००० डॉलरपर्यंत भरपाईची त्यात तरतूद आहे. म्हणूनच फोटोंमधले चेहरे ओळखण्याबद्दलचं फेसबुकचं इलिनॉयपुरतं सेटलमेंट ६५ कोटी डॉलरचं झालं आणि मे २०२२ पासून सुमारे सोळा लाख लोकांना प्रत्येकी ३९७ डॉलर मिळाले. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्याला चारशे आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्याला शून्य, असा तो फरक होता. टी-मोबाइलकडून २०२१ मध्ये झालेल्या माहितीच्या चोरीनंतर ३५ कोटींचा निधी झाला, त्यात इतरांसाठी २५ डॉलर तर कॅलिफोर्नियावाल्यांसाठी १०० डॉलरचा पर्याय होता.

म्हणून एक काम आजच करून ठेवा. कुठल्या वर्षी कुठल्या राज्यात, कुठल्या पत्त्यावर राहिलात, तेव्हा कुठला फोन नंबर आणि कुठला मेल होता, याची यादी एका कागदावर उतरवा. पंधरा वर्षं तिथे काढलेल्या माणसाची ही यादी सहज आठ-दहा ओळींची होते. पुढे प्रत्येक फॉर्मला ती कामाला येते.

दुसरी पायरी: नोटीस खरी की खोटी

खरी नोटीस मेलने किंवा टपालाने येते. टपालाने आली तर बहुधा साध्या पोस्टकार्डावर असते, जाहिरातीच्या कागदांत हरवेल अशी. तिच्यावर खटल्याचं नाव, न्यायालयाचं नाव, क्लेमची शेवटची तारीख आणि बऱ्याचदा तुमच्यापुरता एक आयडी आणि पिन असतो. तो जपा. हरवला तरी अनेक सेटलमेंटांत आयडीशिवाय क्लेम भरता येतो किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारून परत मिळवता येतो.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. मेलमधली लिंक दाबू नका. खटल्याचं नाव आणि क्रमांक स्वतः शोधा. संघीय न्यायालयांची बरीच कागदपत्रं कोर्टलिसनर या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तिथे तडजोडीच्या प्राथमिक मंजुरीचा आदेश सापडला, तर त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाव आणि बहुतेक वेळा अधिकृत संकेतस्थळाचा पत्ताही असतो. तोच पत्ता हाताने टाइप करून उघडा.

आणि हे पक्कं धरा: क्लेम भरायला पैसे लागत नाहीत. "प्रोसेसिंग फी भरा", "आधी कर भरा, मग रक्कम सोडू" असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. बँकेचा पासवर्ड, फोनवर आलेला ओटीपी, कार्डाचा सीव्हीव्ही हे खरा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मागत नाही. टक्केवारीवर "तुमच्यासाठी क्लेम भरून देतो" म्हणणाऱ्यांचीही गरज नाही. फॉर्म दहा मिनिटांचा असतो.

आईवडील तुमच्याकडे राहत असतील, तर त्यांना हे समोर बसवून समजावून सांगा. खऱ्या नोटिसा निघाल्या की त्यांच्याआडून खोट्याही फिरू लागतात आणि फोनवरच्या गोड आवाजाला वडीलधारी माणसं लवकर फसतात.

तिसरी पायरी: फॉर्ममधले निर्णय

नाव, पत्ता, खातं यांत विशेष काही नाही. विचार करायचा तो दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे कुठला लाभ निवडायचा. लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या कंपनीच्या प्रकरणातून हे शिकावं. २०१७ मध्ये त्या कंपनीकडून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१९ च्या तडजोडीत दोन पर्याय होते, फुकट क्रेडिट मॉनिटरिंग (तुमच्या नावावर कुणी कर्ज काढतंय का, यावर नजर) किंवा १२५ डॉलर रोख. बातम्यांत १२५ चा आकडा झळकला आणि लोक तुटून पडले. पण रोख पर्यायासाठी बाजूला ठेवले होते फक्त ३.१ कोटी डॉलर. भागाकार करून पाहा. पूर्ण १२५ डॉलर २ लाख ४८ हजार लोकांनाच पुरतील एवढीच ती रक्कम. आठवड्याभरात फेडरल ट्रेड कमिशनला जाहीरपणे सांगावं लागलं की रोख फारच थोडी मिळेल, मॉनिटरिंग घ्या. पुढे अनेकांच्या हाती इतकी किरकोळ रक्कम आली की ती पाहून लोकांना अपमान वाटला.

तेव्हा "अमुक डॉलरपर्यंत" हे शब्द दिसले की लांबलचक नोटीस उघडून निधी किती, वजावट किती आणि रोख पर्यायाला वेगळी मर्यादा आहे का, हे शोधा. वाटप बहुतेक वेळा हिश्श्याने होतं. फेसबुकने तर गुणांची पद्धत ठेवली होती. त्या काळात खातं जितके महिने चालू, तितके गुण, आणि गुणांच्या प्रमाणात पैसे. म्हणून एकाच घरात नवऱ्याला ३५ आणि बायकोला २२ डॉलर येऊ शकत होते. तो घोटाळा नव्हता.

खरंच नुकसान झालं असेल, तर गोष्ट वेगळी आहे. कुणी तुमच्या नावावर कर्ज काढलं, खात्यातून पैसे गेले, ते निस्तरायला वकील किंवा नोटरीचा खर्च झाला, तर सरसकट रकमेचा खण भरून मोकळे होऊ नका. कागदपत्रांसह नुकसानीचा दावा वेगळा असतो. एटीअँडटी या मोबाइल कंपनीच्या, माहितीच्या दोन चोऱ्यांबद्दलच्या १७.७ कोटींच्या सेटलमेंटमध्ये, जिची क्लेमची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली, पुराव्यासह नुकसानीची मर्यादा एका चोरीसाठी ५,००० आणि दुसरीसाठी २,५०० डॉलर होती. टी-मोबाइलमध्ये ती २५,००० पर्यंत होती. त्यासाठी बँकेची स्टेटमेंटं, पोलिसांकडची तक्रार, कंपन्यांशी झालेला पत्रव्यवहार आणि पावत्या लागतात. फोनवर घालवलेल्या तासांचाही काही ठिकाणी मोबदला मिळतो, पण कुठल्या तारखेला काय केलं हे लिहून द्यावं लागतं. माहिती फुटल्याची बातमी आली त्या दिवसापासून अशी टिपणं ठेवणाऱ्याचा दावा टिकतो.

खोटं मात्र अजिबात लिहू नका. फॉर्मच्या शेवटी तुम्ही खोट्या शपथेची शिक्षा मान्य करून सही करता. ज्यांचं पुढे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचं काम व्हायचंय, त्यांनी तीस डॉलरसाठी अशा कागदावर खोटी सही करणं म्हणजे अंगणातल्या काडीसाठी घर जाळण्यासारखं आहे. माणशी एकच क्लेम. नवरा आणि बायको दोघांची खाती असतील तर दोघांनी वेगळे भरायचे. मात्र काही प्रकरणांत एका घराला किंवा एका खात्याला एकच क्लेम असतो, ते वाचून घ्या.

दुसरं ठिकाण पैसे घेण्याच्या पद्धतीचं. पेपाल, व्हेन्मो, झेल या पैसे पाठवायच्या सेवा, थेट बँक खातं, व्हर्च्युअल प्रीपेड कार्ड, कागदी चेक असे पर्याय येतात. माझं मत स्पष्ट आहे. थेट बँक खात्याचा पर्याय असेल आणि ते खातं पुढची तीन-चार वर्षं चालू राहणार असेल, तर तोच घ्या. त्यानंतर पेपाल, पण रोजच्या मेलशी जोडलेला. प्रीपेड कार्ड अगदी नाइलाज असेल तरच. त्याचा कोड मेलमध्ये येतो, तो वेळेत चालू करावा लागतो, त्याला मुदत असते आणि शेवटचे दोन-तीन डॉलर वापरता वापरता नाकी नऊ येतात. चेक चांगला, पण पत्ता बदलणार नसेल तरच.

मेलचा पत्ता देताना विद्यापीठाचा किंवा ऑफिसचा कधीच देऊ नका. माझ्या मामेभावाने एमएस करताना विद्यापीठाच्या मेलवरून क्लेम भरला. पदवीनंतर ते खातं बंद झालं. पैशांची सूचना त्या बंद पत्त्यावर गेली आणि तो नाशिकला बसून वाट पाहत राहिला.

चौथी पायरी: नोंद

फॉर्म पाठवला की पडद्यावर एक पुष्टीक्रमांक येतो. त्याचा फोटो काढा आणि ती पानं पीडीएफ करून ठेवा. मग एका वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक सेटलमेंटसाठी खटल्याचं नाव, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अधिकृत संकेतस्थळ, क्लेम क्रमांक, कुठला मेल, कुठला पत्ता आणि पैसे घ्यायची कुठली पद्धत दिली, ते लिहा. शेवटी अंतिम सुनावणीची तारीख. आमच्या घरात ही वही पासपोर्टच्या फायलीत असते. मी नसलो तरी बायकोला ती सापडली पाहिजे, एवढाच हिशेब.

वाट पाहण्याचा काळ, आणि त्यात करायच्या गोष्टी

क्लेमची मुदत संपली म्हणजे पैसे निघाले, असं होत नाही. २००५ च्या एका संघीय कायद्याप्रमाणे कंपनीला तडजोडीची सूचना राज्यांच्या अधिकाऱ्यांना द्यावी लागते आणि ती दिल्यावर ९० दिवस उलटेपर्यंत अंतिम मंजुरी देता येत नाही. मग सुनावणी होते. मंजुरीनंतर अपिलासाठी ३० दिवस असतात. अपील झालंच तर वर्ष-दीड वर्ष सहज जातं. फेसबुकच्या मंजुरीला आव्हान दिलं गेलं आणि अपील न्यायालयाने ती कायम करायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. अपील चालू असताना पैसे वाटत नाहीत. तेव्हा सहा महिन्यांत काही आलं नाही म्हणून नाद सोडू नका. दर तीन महिन्यांनी अधिकृत संकेतस्थळ उघडून पाहा.

याच काळात गटातून बाहेर पडायची आणि हरकत घ्यायची मुदतही असते. ती क्लेमच्या मुदतीच्या बरीच आधी संपू शकते. नुकसान मोठं असेल आणि स्वतंत्र दावा लावायचा असेल, तर वकिलाचा सल्ला घेऊन बाहेर पडता येतं. काहीच न करणाऱ्याचं मात्र दुहेरी नुकसान होतं. पैसे मिळत नाहीत आणि त्या गोष्टीसाठी कंपनीवर दावा लावण्याचा हक्कही जातो. "मी त्यात पडलोच नाही" म्हणणारे बहुतेक जण नकळत त्यात पडलेले असतात.

या काळात एखादा मेल असाही येतो की तुमच्या क्लेममध्ये त्रुटी आहे, अमुक दिवसांत पूर्ण करा. सही राहिली, खातं जुळलं नाही, पावती वाचता येत नाही, असली कारणं असतात. दिलेली मुदत थोडी असते. त्या मुदतीत उत्तर गेलं नाही, तर चांगला क्लेमही बाद होतो. म्हणून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा मेल पत्ता संपर्कयादीत टाकून ठेवा, म्हणजे तो स्पॅममध्ये जाणार नाही.

घर बदललं? अमेरिकी टपाल खात्याकडे पत्ताबदल नोंदवला की पत्रं साधारण वर्षभर नव्या पत्त्यावर येतात. पण सेटलमेंटचे पैसे वर्षात येतीलच असं नाही आणि काही पाकिटांवर पुढे न पाठवता परत करा असा शेरा असतो. त्यामुळे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला वेगळं कळवा. क्लेम क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता, दोन ओळींचा मेल पुरतो. उत्तर जपून ठेवा. बँक खातं बंद करण्याआधी वही काढून ते खातं कुठल्या क्लेमला दिलंय का, हे पाहा. ही सवय लागली तर निम्मे घोळ टळतात.

नाव बदललेल्या मुलींसाठी आणखी एक गोष्ट. क्लेम माहेरच्या आडनावाने भरला आणि मधल्या काळात बँकेत सासरचं आडनाव लागलं, तर चेक जमा होताना अडतो. आधीच विवाहाचा दाखला जोडून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे नाव बदलून घ्या. चेक आलाच असेल, तर आधी बँकेत विचारा; काही शाखा दोन्ही नावांनी सही करून घेतात. क्लेम भरणारी व्यक्ती मधल्या काळात गेली, तर वारसाला मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचे कागद देऊन रक्कम मागता येते. अशा दुःखात हे सुचत नाही, पण वही घरात असेल तर कुणीतरी ते करू शकतं.

पैसे आले त्या दिवशी

पद्धत कुठली निवडली, त्यावर पुढचं ठरतं.

पेपालवर आले आणि तो मेल तुमच्या खात्याशी आधीच जोडलेला असेल, तर रक्कम आपोआप दिसते. जोडलेला नसेल तर ३० दिवसांत जोडून ती स्वीकारावी लागते, नाहीतर परत जाते. झेलला तर १४ दिवसच मिळतात. दोन्हींत सूचना मेलने येते आणि ती जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन बसते. पैसे सुटल्याची बातमी आली की दोन महिने तो कप्पा रोज चाळा. फेसबुकचे पैसेही एका दिवसात गेले नव्हते. टप्प्याटप्प्याने, कित्येक आठवडे जात होते. शेजाऱ्याला आले आणि तुम्हाला नाही, म्हणून लगेच घाबरू नका.

पैसे आल्याच्या मेलमधली लिंक दाबण्याआधी थेट पेपालचं किंवा बँकेचं अ‍ॅप उघडा. पैसे खरे असतील तर तिथे दिसतील.

चेक आला तर आधी त्यावरची बारीक अक्षरं वाचा. "९० दिवसांनंतर रद्द" असं काहीतरी छापलेलं असतं. मुदत कमी-जास्त असू शकते. त्याच दिवशी फोनने फोटो काढून जमा करा आणि महिनाभर कागद ठेवा. कधी कधी हा चेक पोस्टकार्डाएवढाच असतो आणि सवलतीच्या कूपनसारखा दिसतो. मी स्वतः एक फाडता फाडता थांबलो आहे.

प्रीपेड कार्डाचा कोड आला तर ते लगेच चालू करा आणि एकरकमी संपवा. नेहमीच्या ऑनलाइन दुकानाच्या खात्यात शिल्लक म्हणून सगळी रक्कम टाकली की कार्डात पैसे पडून राहत नाहीत.

कराचं थोडक्यात. रक्कम लहान आणि फॉर्म आला नाही, म्हणजे ती आपोआप करमुक्त ठरते असं नाही. भरपाई कशाबद्दल आहे, यावर ते ठरतं. खिशातून गेलेला खर्च परत मिळणं आणि सरसकट रक्कम मिळणं यांत फरक असतो. मोठी रक्कम असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करासाठीचा डब्ल्यू-९ फॉर्म मागू शकतो, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर द्यावा लागतो. तो फक्त खात्री केलेल्या अधिकृत संकेतस्थळावरच द्या. वर्षाच्या शेवटी तुमच्या सीपीएला, म्हणजे तिथल्या सीएला, ही ओळ दाखवा.

भारतात परतलेल्यांसाठी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मदत करणारं कुणी नसतं.

डॉलरचा चेक पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या बँकेत वटवणं आता फार अवघड झालंय. कित्येक बँका परदेशी चेक घेतच नाहीत; घेतला तरी वसुलीला आठवडे लागतात आणि तीस डॉलरच्या चेकला शुल्कच जास्त पडतं. झेल आणि व्हेन्मोला अमेरिकेतलं खातं लागतं. भारतातलं पेपाल परदेशातून येणाऱ्या व्यवसायाच्या रकमांसाठी आहे, अशा भरपाईसाठी त्यावर विसंबू नका.

म्हणून परतण्याआधीच ठरवा. किमान शिल्लक न लागणारं एखादं अमेरिकी खातं चालू ठेवा आणि त्यात अधूनमधून एखादा व्यवहार करत राहा, म्हणजे बँक ते निष्क्रिय ठरवणार नाही. भरलेल्या सगळ्या क्लेमांत तेच खातं द्या. अमेरिकी फोन नंबर स्वस्त प्लॅनवर चालू ठेवता आला तर उत्तम, कारण बँकेचा ओटीपी त्यावर येतो. चेक टाळता येणार नसेल, तर बहिणीचा किंवा भरवशाच्या मित्राचा पत्ता द्या, पण त्याला आधी सांगून. आणि भारतात तुम्ही निवासी करदाते असाल, तर बाहेरून आलेली ही रक्कमही आपल्या सीएच्या कानावर घाला.

पैसे आलेच नाहीत तर

वही काढा आणि अधिकृत संकेतस्थळावर वाटप सुरू झालंय का, ते पाहा. सुरू होऊन आठवडे झाले असतील, तर क्लेम क्रमांकासह अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला मेल करा. क्लेम मंजूर झाला का, पैसे कुठल्या पद्धतीने आणि कुठल्या तारखेला पाठवले, हे दोनच प्रश्न विचारा. चेक हरवला किंवा मुदत संपली असेल, तर पुन्हा काढून द्यायची विनंती करा. ठरावीक तारखेपर्यंत बरेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ती मान्य करतात. फोनवर बोललात तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

न वटलेल्या रकमांचं काय होतं, हे तडजोडीच्या करारात लिहिलेलं असतं. कधी उरलेलं पुन्हा सगळ्यांत वाटतात, कधी न्यायालयाने ठरवलेल्या संस्थांना देतात, कधी राज्याच्या बेवारस रकमांच्या खात्यात जातं. हा शेवटचा प्रकार असेल, तर आशा आहे. राज्याच्या अनक्लेम्ड प्रॉपर्टीच्या संकेतस्थळावर तुमचं नाव फुकट शोधता येतं. जिथे जिथे राहिलात, त्या प्रत्येक राज्यात शोधा. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं असू शकतं, तेही टाकून पाहा. देशपांडे, कुलकर्णी, घाटपांडे यांची अमेरिकेत किती स्पेलिंगं होतात, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको.

काही सेटलमेंटांत मुळात लोकांना पैसेच नसतात. गुगलच्या इनकॉग्निटो (खासगी ब्राउझिंग) प्रकरणात २०२४ मध्ये जुन्या नोंदी नष्ट करायचं ठरलं, वापरणाऱ्यांना रोख काही नाही. गुगलच्याच लोकेशनची माहिती साठवण्याबद्दलच्या ६.२ कोटींच्या सेटलमेंटचे पैसे संस्थांना द्यायचं ठरलं. अशा प्रकरणांत "तुमचे पैसे आलेत" असा मेल आला, तर तो खोटाच.

आणि भारतात राहणारे नातेवाईक विचारतात, आमचीही माहिती फुटली, मग आम्हाला का नाही? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याच्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. हे मला चुकीचं वाटतं आणि मी ते प्रत्येक ठिकाणी सांगतो. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात काही पडलं पाहिजे, मग ते तीस डॉलर का असेनात.

आज रात्री मेल उघडून इंग्रजीत "सेटलमेंट", "क्लेम" आणि "नोटीस ऑफ डेटा ब्रीच" हे शब्द शोधा, स्पॅमसकट. जे सापडेल त्याने वहीचं पहिलं पान भरा.